वारा फिरला की: सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचं शरदातलं हवामान

‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता.’ सप्टेंबर सरत आला की हे वाक्य रोज बातम्यांत येतं आणि ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून फारसं काही लागत नाही. मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत दहा जिल्हे. त्यात इगतपुरी आहे आणि जतही आहे, महाबळेश्वर आहे आणि माणदेशही आहे. एवढ्या मुलखाला एक वाक्य कसं पुरणार?

तरी त्या वाक्यातला एकेक शब्द मोजून-मापून वापरलेला असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे पाऊण भागाच्याही वर. म्हणजे ‘तुरळक’ हा शब्द पाऊस किती जोराचा असेल याबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त किती गावांवर पडेल ते सांगतो. ज्या गावावर पडेल तिथे ओढ्याला पूर येईल इतका पडू शकतो आणि शेजारच्या गावात धूळही बसत नाही. जुलैत असं सहसा होत नाही, ऑक्टोबरात नेहमी होतं. शरदातलं हवामान समजून घ्यायचं तर हा फरक का पडतो, तिथूनच सुरुवात करायला हवी. त्याचं उत्तर वाऱ्यात आहे.

मान्सून जातो म्हणजे नेमकं काय होतं

जून ते सप्टेंबर वारा अरबी समुद्राकडून येतो. बाष्पाने भरलेला तो वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, थंड होतो आणि कोकणात व घाटमाथ्यावर पाणी ओततो. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरेपर्यंत त्यातलं बरंच बाष्प संपलेलं असतं. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पुण्यात सातशेच्या घरात आणि माण-खटाव, आटपाडी, सांगोला या भागात चारशे-पाचशेवर समाधान मानायचं. हा पर्जन्यछायेचा हिशेब शाळेत सगळ्यांनीच वाचलेला असतो.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात हा हिशेब मोडतो. सूर्य २३ सप्टेंबरच्या सुमारास विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जातो, वायव्य भारतावरचा कमी दाब भरून निघतो आणि राजस्थानच्या बाजूने कोरडी हवा खाली उतरू लागते. परतीची सुरुवात पश्चिम राजस्थानातून साधारण १७ सप्टेंबरला होते, मुंबईतून मान्सून ८ ऑक्टोबरच्या सुमारास निघतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत सगळ्या देशातून. या तारखा २०२० साली नव्याने ठरवल्या. त्याआधी राजस्थानची तारीख १ सप्टेंबर होती, म्हणजे परतीचा प्रवास जुन्या समजापेक्षा बराच उशिरा सुरू होतो हे हवामान खात्यानेही मान्य केलं.

चार दिवस ऊन पडलं म्हणून मान्सून गेला असं कुणी जाहीर करत नाही. वायव्य भारतातून तो निघाला असं म्हणायला तीन गोष्टी लागतात. सलग पाच दिवस पाऊस नको, जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंचीपर्यंत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणारे, हवा खाली दाबणारे वारे स्थिरावायला हवेत, आणि उपग्रहाच्या चित्रांत व हवेत सोडलेल्या हवामान-फुग्यांच्या नोंदींत हवेतलं बाष्प ठळकपणे घटलेलं दिसायला हवं. पुढे आपल्याकडे येताना मुख्यतः कोरडे दिवस आणि घटलेलं बाष्प पाहिलं जातं. म्हणून कधी कधी आठवडाभर लख्ख ऊन असूनही ‘मान्सून अजून गेलेला नाही’ असं ऐकायला मिळतं. लोकांना ते विचित्र वाटतं, पण हवेत बाष्प असेल तर तो इशारा खराच असतो.

परतीचा पाऊस: पूर्वेकडच्यांचा पाऊस

पश्चिमेचा जोर ओसरला की सह्याद्रीच्या पूर्वेला वारा मंद होतो, मग पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून वाहू लागतो. या वाऱ्यावर बंगालच्या उपसागराचं बाष्प येतं. ज्या गावांसाठी पावसाळाभर सह्याद्री आडवा उभा होता, त्यांना आता आडकाठी राहत नाही. आटपाडी, जत, सांगोला, मंगळवेढा या पट्ट्यात वर्षातला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, जुलैत नाही. इथल्या शेतकऱ्याला जूनमध्ये ‘यंदा मान्सून वेळेवर’ अशी बातमी ऐकून काहीच मिळत नाही. त्याचं वर्ष उत्तरा, हस्त आणि चित्रा या नक्षत्रांवर ठरतं.

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घ्या. काळ्या खोल जमिनीत परतीचा पाऊस मुरतो, वरचा थर जरा सुकून वापसा आला की पेरणी होते, आणि पुढे पाऊस जवळजवळ नसतानाही त्या मुरलेल्या ओलीवर पीक जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभं राहतं. पाऊस कमी झाला तर ओल पुरत नाही आणि लांबला तर वापसा येत नाही, पेरणी पुढे जाते, कणसात दाणा भरायच्या वेळी ओल संपलेली असते. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला पाऊस किती पडेल यापेक्षा पाऊस कधी थांबेल हे कळण्याची निकड जास्त असते. आपले अंदाज मात्र अजूनही बहुतेक ‘पडेल की नाही’ याच भाषेत बोलतात. कोरडे दिवस सलग किती मिळतील, हे ठळक अक्षरांत सांगितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

हस्ताच्या पावसाला गावात हत्तीचा पाऊस म्हणतात आणि तो गर्जत येतो, याला कारण आहे. जमीन चार महिन्यांच्या पावसाने भिजलेली असते. ढग विरळ झाल्यामुळे सकाळपासून ऊन थेट जमिनीवर पडतं. ओली जमीन तापली की तिच्यातलं पाणी वाफ होऊन वर जातं. वरच्या थरांत उत्तरेकडची कोरडी, थंड हवा घुसू लागलेली असते. खाली गरम-दमट आणि वर थंड-कोरडी अशी हवा असली की खालची हवा उसळी मारून दहा-बारा किलोमीटर उंच ढग उभे करते. जुलैतले ढग थरांचे, पसरट असतात, त्यांतून दिवसभर रिपरिप चालते. ऑक्टोबरचे ढग उभे असतात. सकाळ स्वच्छ, दुपारी एक-दोनला पूर्वेच्या क्षितिजावर कोबीच्या गड्ड्यासारखे पांढरे माथे, चारच्या सुमारास काळोख, मग वारा, वीज आणि तासाभरात सगळं संपलेलं, हे या दिवसांतलं ठरलेलं वेळापत्रक. वरच्या थरांतला वारा मंद असेल तर असा ढग जागचा हलत नाही आणि सगळं पाणी एकाच ओढ्याच्या पाणलोटात ओततो.

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हेच घडलं. कात्रजच्या बाजूला ढग ओतले आणि आंबिल ओढ्याला असा लोंढा आला की अरण्येश्वर, सहकारनगर भागात घरं, भिंती, गाड्या वाहून गेल्या. वीसहून अधिक माणसं दगावली. तो पाऊस ‘काही ठिकाणी’ पडला होता. पण ती ठिकाणं डोंगराच्या कुशीत, अरुंद ओढ्याच्या तोंडाशी होती. पावसाचा आकडा आणि पाणलोटाचा आकार एकत्र पाहिल्याशिवाय धोका कळत नाही. हवामान खातं ६४.५ मिलिमीटरच्या वर मुसळधार, ११५.६ च्या वर अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार म्हणतं, पण हे आकडे चोवीस तासांचे आहेत. आंबिल ओढ्याला दोन तास पुरे होतात.

मग असा ढग आधी सांगता येत नाही का? दोन दिवस आधी ‘या पट्ट्यात असे ढग उभे राहतील’ इतकं सांगता येतं. कोणत्या ओढ्यावर, ते नाही. संगणकी प्रारूपं पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतात. भारतात बराच काळ हे चौकोन १२ किलोमीटरचे होते. मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम आली आणि ते ६ किलोमीटरवर आले. ही मोठीच झेप आहे. तरीही कात्रजचा घाट, त्याखालचा तलाव आणि ओढ्याकाठची वस्ती या सगळ्यांना मिळून एखाद-दुसरा चौकोन येतो. शेवटच्या दोन-तीन तासांत मात्र रडार आणि विजांच्या नोंदींवरून नेमकं सांगता येतं. त्यासाठी खात्याचा तीन तासांचा तात्कालिक इशारा असतो आणि विजेसाठी आयआयटीएमचंच ‘दामिनी’ हे ॲप आहे. रानात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावं. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि ज्वारीची पेरणी एकाच वेळी चालू असते, माणसं उघड्यावर असतात, आणि दुपारनंतरची वीज नेमकी त्याच वेळी पडते.

बंगालच्या उपसागरातून येणारे पाहुणे

स्थानिक ढगांखेरीज या दिवसांत आणखी एक पाऊस येतो आणि तो आठ-दहा जिल्हे एकदम झोडपतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, आंध्रच्या किनाऱ्यावर चढतं आणि पश्चिमेला सरकत दख्खन पार करतं. एरवी जमिनीवर आल्यावर अशा प्रणालीचा दम लवकर निघतो. पण जमीन भिजलेली असेल आणि अरबी समुद्राकडूनही बाष्प मिळत राहिलं तर ती तग धरते.

ऑक्टोबर २०२० मधली घटना याचं ठळक उदाहरण आहे. १३ तारखेला काकीनाड्याजवळ एक तीव्र न्यूनदाब प्रणाली किनाऱ्यावर आली. तिने हैदराबाद बुडवलं, उत्तर कर्नाटकातून ती दक्षिण महाराष्ट्रात शिरली आणि १४ तारखेला सोलापूर, पंढरपूर, इंदापूर भागात प्रचंड पाऊस झाला. पावसाळा संपत आला म्हणून उजनी काठोकाठ भरून ठेवलेली होती. धरण भरलेलं, वरून पाऊस, त्यामुळे पाणी सोडण्यावाचून इलाज नाही, आणि खाली भीमेच्या काठी पंढरपुरात पूर. शेवटी ती प्रणाली सह्याद्री ओलांडून अरबी समुद्रात उतरली आणि तिथे पुन्हा जोर धरू लागली. एकच प्रणाली, पण तेलंगणात तिचा अर्थ शहरातला पूर, भीमेच्या खोऱ्यात धरणाचा विसर्ग आणि रत्नागिरीच्या समुद्रात खवळलेलं पाणी.

म्हणूनच ऑक्टोबरात काकीनाडा किंवा विशाखापट्टणमजवळच्या कमी दाबाची बातमी सांगली-सोलापूरकरांनी लक्ष देऊन वाचावी. तो कमी दाब इथे पोहोचायला एक-दोन दिवस लागतात, आणि तेवढ्यात काढलेलं सोयाबीन झाकता येतं, नदीकाठचे पंप वर घेता येतात.

मुंबईचा चटका वारा ठरवतो

ऑक्टोबर हीटबद्दल एक समज असा की सूर्य तळपतो म्हणून उकडतं. पण मुंबईच्या डोक्यावर सूर्य मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस येतो. ऑक्टोबरात तो दक्षिणेला कललेला असतो. मग तापमान ३६-३७ अंशांपर्यंत का चढतं?

किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. दुपारच्या आधी खारा वारा सुरू झाला की मुंबईचा पारा तिथेच थबकतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा मुळातच असतो, त्यामुळे प्रश्नच नसतो. ऑक्टोबरात मात्र पूर्वेकडून, घाटाकडून वारा येऊ लागतो. घाटावरून कोकणात उतरताना हवा दाबली जाते आणि आणखी तापते. हा वारा खाऱ्या वाऱ्याला दारातच अडवून धरतो. ज्या दिवशी खारा वारा अकराला आला त्या दिवशी ३३, ज्या दिवशी दोन-अडीचपर्यंत अडकला त्या दिवशी ३६-३७. कुलाब्याला तो आधी पोहोचतो, सांताक्रूझला नंतर, आणि ठाणे-कल्याण-कर्जतपर्यंत जाताना त्याचा दम निघालेला असतो. शिवाय जमीन ओली असल्यामुळे हवेत दमटपणा आहे, घाम वाळत नाही, म्हणून ३५ अंशही मे महिन्यापेक्षा जड वाटतात. मुंबईचा अंदाज पाहताना कमाल तापमानाच्या आकड्यासोबत वाऱ्याची दिशा बघा. सकाळी ‘पूर्व’ किंवा ‘ईशान्य’ असं लिहिलेलं असेल तर दुपारची बाहेरची कामं शक्य तितकी टाळलेली बरी.

वारा पडला की धूळही हवेत तरंगत राहते. पावसाने रोज धुतली जाणारी हवा आता धुतली जात नाही, बांधकामं पुन्हा सुरू होतात आणि क्षितिजावर करडा पट्टा दिसू लागतो.

खोऱ्यातल्या रात्री

घाटाच्या वर दिवस तापत असले तरी रात्री बदललेल्या असतात. पुण्यात ऑक्टोबरच्या सुरुवातीला किमान तापमान २१ अंशांच्या आसपास असतं आणि महिनाअखेर ते पाच-सहा अंशांनी उतरतं. आकाश निरभ्र झालं की जमीन दिवसभराची ऊब रात्री थेट अवकाशात सोडून देते. तिला लागून असलेली हवा गार होते. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून ओघळत सखल भागात साचते. त्यामुळे पहाटे डोंगरमाथ्यापेक्षा खोऱ्याचा तळ थंड असतो. उंच जावं तसं गार व्हावं, हा नेहमीचा नियम या तासांपुरता उलटा होतो.

पुणेकरांना याचा पुरावा रोजच्या आकड्यांतच मिळतो. नदीजवळच्या शिवाजीनगरचं किमान तापमान आणि पठारावरच्या लोहगावचं किमान तापमान यांत दोन-तीन अंशांचा फरक सहज असतो, आणि थंड असतं ते शिवाजीनगर. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३०० मीटरहून उंच, निफाड त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर. तरी हिवाळ्यात महाबळेश्वर १२-१३ अंशांवर असताना गोदावरी-कादवेच्या सखल भागातलं निफाड ५-६ अंशांवर आलेलं असतं. आणि महाबळेश्वरातही दवबिंदू गोठल्याची बातमी येते ती वेण्णा तलावाच्या खोलगट भागातून, बाजारपेठेतून नाही. या सगळ्याची सुरुवात ऑक्टोबरच्या मध्यावर होते.

नाशिकच्या आणि तासगावच्या द्राक्षबागायतदाराचा सगळा जीव याच दिवसांत टांगणीला लागतो, कारण ऑक्टोबर छाटणी याच वेळी असते. छाटणीनंतर डोळे फुटतात, बाग पोंगा अवस्थेत येते, कोवळ्या फुटीत घड दिसू लागतात. जमीन ओली आणि आकाश स्वच्छ, त्यामुळे पहाटे भरपूर दव पडतं. पानाच्या काठाला थेंब लोंबत असतात आणि ऊन वर येईपर्यंत ते सुकत नाहीत. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाच्या बुरशीला पान काही तास ओलं राहिलेलं हवं असतं, पाऊसच हवा असं नाही. त्यात एखादी दुपारची सर आली, दुसऱ्या दिवशी ढगाळ राहिलं, की पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसते, घड जिरतात किंवा कुजतात. अशा वेळी बागायतदार दिवसातून दोनदा फवारणी करतो, ट्रॅक्टर चिखलात रुतला तर पाठीवर पंप घेऊन करतो. ‘पाऊस नाही’ हा अंदाज त्याच्यासाठी अर्धाच आहे. पहाटेची आर्द्रता किती आणि वारा किती, हे त्याला पावसाइतकंच लागतं. थोडासा वारा असला तरी पान लवकर सुकतं. म्हणून नाशिकचे जाणते बागायतदार आकाशाकडे पाहण्याआधी वाऱ्याची झुळूक आहे का ते बघतात.

कोकणातल्या भाताची अडचण वेगळी. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात सप्टेंबरअखेर कापायला येतं आणि परतीचा पाऊस नेमका त्याच्यावर पडतो. आडवं पडलेलं भात पाण्यात राहिलं की लोंबीतच कोंब फुटतात. गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं भात थांबू शकतं, पण पाऊस फारच लांबला तर आंब्याचं वेळापत्रक बिघडतं. जमिनीत ओल राहिली आणि थंडी उशिरा आली की कलमं मोहोराऐवजी पालवी धरतात.

दर्याचा अंदाज

पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. म्हणजे ऑक्टोबर हा भर हंगाम. बांगडा, तारली किनाऱ्याजवळ येते, सिंधुदुर्गात रापणी, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची मोठी जाळी लागतात, मोठ्या नौका आठवडा-आठवडा बाहेर असतात. आणि याच महिन्यांत अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात.

भर पावसाळ्यात ती सहसा होत नाहीत याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चक्रीवादळाला उभा, सरळ खांब लागतो: खालपासून वरपर्यंत हवा एकाच अक्षाभोवती फिरली पाहिजे. पावसाळ्यात समुद्राजवळ पश्चिमेचा जोराचा वारा असतो आणि १४-१५ किलोमीटर उंचीवर पूर्वेचा त्याहून जोराचा. या ओढाताणीत खांब उभाच राहत नाही. मान्सून परतला की दोन्ही वारे मंदावतात. पावसाळ्यात ढवळून गार झालेला समुद्र ऑक्टोबरात पुन्हा तापतो. मग वाट मोकळी होते. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे दोन हंगाम त्यामुळेच पडतात.

ऑक्टोबरमधली बहुतेक वादळं ओमान-येमेनकडे जातात किंवा वळून गुजरातकडे. कोकणावर थेट आलेली फार थोडी. फयान ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. वाऱ्याच्या हिशेबात ते काही मोठं वादळ नव्हतं, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या नौका तेव्हा समुद्रात होत्या आणि अनेक खलाशी परत आले नाहीत. कोकणातल्या कोळीवाड्यांत आजही ते नाव घेतलं जातं. पुढे २०१७ च्या ओखीने दक्षिणेत मोठा संहार केला. केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी नौका वाऱ्यासोबत वर येत देवगड बंदरात आसऱ्याला आल्या. किनाऱ्यापासून दूर फोनचं नेटवर्क पोहोचत नाही, म्हणून त्यानंतर भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांमार्फत खोल समुद्रातल्या नौकांना इशारे पाठवण्याच्या कामाने वेग घेतला.

वादळ थेट न येताही दर्या खवळतो. २०१९ च्या दिवाळीत क्यार हे वादळ सुपर सायक्लोनच्या श्रेणीत पोहोचलं. तेव्हा ते किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर होतं आणि आणखी दूर ओमानच्या दिशेने चाललं होतं. तरी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर लाटा वस्तीपर्यंत आल्या. वादळ ज्या लाटा उठवतं त्या वादळाच्या पुढे धावतात आणि वारा नसलेल्या किनाऱ्यावरही येऊन आदळतात. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण त्यांना मिळालं की पाणी नेहमीची हद्द ओलांडतं. ती दिवाळीची अमावास्याच होती.

समुद्राचा अंदाज वाचताना दोन आकडे नीट कळायला हवेत. पहिला लाटांच्या उंचीचा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था तो रोज देते. ‘अडीच मीटर’ लिहिलं असेल तर ती सर्वांत मोठ्या लाटेची उंची नसते. आलेल्या लाटांपैकी मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्याच समुद्रात अधूनमधून एखादी लाट तिच्या दुप्पट, म्हणजे पाच मीटरच्या जवळपास उठू शकते. लहान होडीला तीच एक लाट उलटवते. दुसरा आकडा वाऱ्याचा. ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोतात ६५’ असं लिहिलेलं असतं, त्यातल्या शेवटच्या आकड्याकडे नजर हवी, कारण जाळं ओढताना अंगावर येतो तो झोत.

बंदरावरच्या बावट्यांचंही तसंच. एक नंबरचा बावटा म्हणजे दूर समुद्रात हवामान बिघडू लागलं आहे. दोन नंबर म्हणजे दूर वादळ तयार झालं आहे. हे दोन्ही बंदरासाठी नसून बंदर सोडून बाहेर जाणाऱ्यांसाठी असतात. तीन नंबर लागला की सोसाट्याचा वारा खुद्द बंदरावर येऊ शकतो, आणि चार म्हणजे वादळाचा धोका बंदरालाच आहे. बंदरातलं पाणी शांत दिसतंय म्हणून एक-दोन नंबरच्या बावट्याकडे दुर्लक्ष करून निघालेल्या नौका वादळाच्या दिशेनेच जात असतात. जुने तांडेल, म्हणजे नौका चालवणारे म्होरके, हे बरोबर ओळखतात. बाहेरून आलेल्या नव्या खलाशांना मात्र कुणीतरी बसवून सांगायला हवं.

महिन्याभराचा अंदाज किती धरावा

सप्टेंबरअखेर हवामान खातं ऑक्टोबरचा आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा अंदाज देतं. तिमाहीचा भर दक्षिणेकडच्या राज्यांवर असतो, कारण तमिळनाडू आणि शेजारच्या भागांचा ईशान्य मान्सून तेव्हा असतो. आपल्यासाठी ऑक्टोबरचा नकाशा कामाचा. त्यातले रंग मिलिमीटर सांगत नाहीत, शक्यता सांगतात. काहीच माहिती नसती तर पाऊस सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका आणि सरासरीपेक्षा जास्त या तिन्हींची शक्यता ३३-३३ टक्के धरली असती. नकाशात ‘जास्त पावसाची शक्यता ५० टक्के’ दिसली, तर कल जास्त पावसाकडे आहे इतकंच समजायचं. उरलेली निम्मी शक्यता सरासरीइतक्या किंवा कमी पावसाची आहेच. बातमीचा मथळा मात्र ‘ऑक्टोबरात धो धो’ असा येतो.

हा कल समुद्रांच्या तापमानावरून काढतात. प्रशांत महासागरात ला निना असेल, म्हणजे विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा गार असेल, तर पावसाळा लांबण्याकडे कल असतो. २०२२ साली ला निना होती आणि मान्सून देशातून जायला २३ ऑक्टोबर उजाडला. हिंद महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा जास्त तापला तर अरबी समुद्राला बळ मिळतं. २०१९ साली हा फरक विक्रमी होता. त्या वर्षी परतीचा प्रवास सुरूच झाला ९ ऑक्टोबरला, क्यारमागोमाग महा हे वादळ आलं, आणि नाशिक-सांगलीच्या बागांत नोव्हेंबरपर्यंत पाणी साचून राहिलं.

यापेक्षा जवळचा आणि माझ्या मते शेतकऱ्यासाठी सर्वांत उपयोगी म्हणजे विस्तारित पल्ल्याचा अंदाज. तो दर गुरुवारी येतो आणि पुढच्या चार आठवड्यांचं चित्र देतो. पहिले दोन आठवडे भरवशाचे, नंतरचे फक्त दिशा दाखवणारे. छाटणीची तारीख ठरवायची असेल, हळवं भात कापायला माणसं सांगायची असतील, तर हा अंदाज बघावा. त्यानंतर पाच दिवसांचा जिल्ह्याचा, मग आदल्या संध्याकाळचा, आणि प्रत्यक्ष दिवशी दुपारी बारानंतर तीन तासांचा. इशाऱ्याच्या रंगाचा अर्थ पावसाच्या मापाइतकाच तयारीशी जोडलेला आहे: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. ऑक्टोबरात पिवळा इशारा दिवसेंदिवस लागून राहतो आणि लोक त्याकडे बघेनासे होतात. पण उभ्या ढगांच्या या दिवसांत तुमच्या डोक्यावरचा ढग त्याच पिवळ्यातला असतो, त्यामुळे पिवळा लागलेल्या दिवशी दुपारनंतर रानात जाणाऱ्याने आणि ओढ्याकाठी राहणाऱ्याने तीन तासांचा इशारा उघडून बघावा.